खंडेनवमीची लाल चिंधी

॥ श्री ॥

मुरबाड,
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

दसरा छान पार पडला. तुमच्या हट्टापायी शेणव्याच्या पडवीतल्या सगळ्या चेनसॉ मशिनी कोंडूच्या जीपमध्ये बसून वऱ्हाडासारख्या इथे पूजेला आल्या. दुकानासमोर उतरवून घेताना शेजारीण विचारत होती, लग्न कुणाचं म्हणून. खंडेनवमीला घरातली हत्यारं दोन छपरांखाली ठेवायची नाहीत, हा तुमच्या आजोबांचा नेम कोयत्या-कुऱ्हाडींपुरता होता हो. नातू जुन्या मशिनी दुरुस्त करील आणि पणती त्या विकायला दुकान मांडून बसेल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

एकेक मशीन मी साबणाने घासली. तुम्ही म्हणाल, कशाला? तर देवासमोर तेलाने माखलेली मशीन मला बरी दिसत नाही. प्रत्येकीला झेंडूची माळ घातली. आणि आईला सांगा, तिने एका मशिनीच्या मुठीला बांधून पाठवलेलं लाल फडकं फार उपयोगी पडलं. ते सोडून मी सुपारीच्या गणपतीखाली अंथरलं. आई किती बारीकसारीक लक्षात ठेवते!

मुहूर्तावर दोन मशिनी गेल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, अगदी जुळ्या बहिणी. एक वखारीतल्या ज्ञानेश्वरने नेली. दुसरी डोळखांबच्या वरच्या पाड्यावरून आलेल्या धाऊ नावाच्या गृहस्थांनी. ते इथे लेकीकडे सणाला आले होते. फार गोड माणूस. माळ काढून देते म्हटलं तर काढू देईनात. गेल्या महिन्यातल्या वाऱ्यात त्यांच्या बांधावर ऐनाचं भलंमोठं झाड आडवं झालंय, भातकापणीआधी बांध मोकळा करायचा आहे म्हणाले. तुमच्याच हातची मशीन आहे, डोळे झाकून चालवा, असं मी त्यांना सांगितलं.

इकडे चेन, प्लग आणि स्टार्टरची दोरी संपत आली आहे, तेवढी पाठवा. आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, हे पुन्हा एकदा लिहिते. अक्षदाला थोडी कणकण आहे, बाकी आम्ही मजेत. प्रशांतने नमस्कार सांगितलाय. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
रेश्मा

॥ श्री ॥

शेणवा,
रविवार, ५ ऑक्टोबर, सकाळ

चि. सौ. रेश्मास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच कोंडूने दिलं. बाकीचं मागाहून. आधी हे वाच. आईने लाल फडकं पाठवलेलं नाही. ती चिंधी मी बांधली होती.

ज्या मशिनीचं काम अर्धवट आहे तिच्या मुठीला मी लाल चिंधी बांधतो, म्हणजे ती चुकून कुणी उचलून नेत नाही. हा नियम माझ्या पडवीतला. लाल चिंधीची मशीन आजवर कधी पडवीबाहेर गेलीच नव्हती, त्यामुळे तुला तो ठाऊक असायचं कारण नाही. यंदा पूजेसाठी सगळ्या एकत्र हव्यात म्हणून मी तीही जीपमध्ये चढवली आणि म्हटलं, पूजा झाली की परत येईल. चिठ्ठीत एक ओळ लिहायची राहिली. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

त्या मशिनीच्या ब्रेकची स्प्रिंग तुटलेली आहे. ती कल्याणला मिळाली नाही, म्हणून काम अडलं. मशीन सुरू होते, लाकूडही लोण्यासारखं कापते, कुणाला शंका यायची नाही. पण चेन फिरते त्या पट्टीचं टोक लाकडात अडकून मशीन उसळली, तर पुढची दांडी हाताने ढकलली जाऊन चेन थांबायला हवी. हिची थांबणार नाही. माझा डावा खांदा तू पाहिलेला आहेस. तो ज्या मशिनीने फाडला तिला ब्रेकच नव्हता.

दुकानात उरलेली प्रत्येक मशीन सुरू करून पुढची दांडी ढकलून बघ. ज्ञानेश्वरकडे पळ. धाऊंना फोन लाव. वीज पडल्यापासून इकडचा टॉवर मेला आहे, म्हणून आईच्या फोनची वाट बघू नकोस. कोंडू दुपारी माघारी येईल, त्याच्याच हाती उत्तर दे. तुझी आई सकाळपासून चुलीशी बसून आहे, पण चहा काही अजून झालेला नाही.

घाईत आहे, आशीर्वाद मात्र पुरते आहेत.

तुझे,
बाबा

॥ श्री ॥

मुरबाड,
रविवार, ५ ऑक्टोबर, दुपार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कोंडूला दारात उभा करून लिहिते आहे. चिंधी कुठल्या मशिनीची सोडली ते आता आठवत नाही, म्हणून दुकानातल्या सगळ्या मशिनी तपासल्या, त्यांचे ब्रेक ठीक आहेत. मग वखारीत धावले. ज्ञानेश्वर भर कामात होता. मी हात हलवत समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्याला वाटलं मी मशीन परत मागायला आले. दांडी ढकलायला लावली. चेन जागच्या जागी थांबली. एरवी आनंद झाला असता. पण आता उरले ते धाऊच.

त्यांनी दिलेला नंबर त्यांच्या जावयाचा निघाला. तो म्हणाला, पाड्यावर रेंज नाय, सासऱ्यांकडे फोनच नाय, आणि ते दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी गेले. मी स्वतः जीपमध्ये चढणार होते, पण अक्षदाचा ताप वाढलाय आणि प्रशांत कंपनीत डबल शिफ्टला आहे. तुमच्याकडून डोळखांब जवळ. बाबा, तुम्ही जा. एकटे जाऊ नका, आईला न्या. रस्त्यात कुणी हाक मारली तर तुम्हाला कळणार नाही.

मला राहून राहून एकच आठवतं. डोळे झाकून चालवा, असं मी त्यांना हसत सांगितलं. तुम्हाला खांद्याला टाके घालून घरी आणलं तेव्हा मी सहावीत होते. आईने तुमचा सदरा धुवायला घेतला आणि धुता धुता तशीच बसून राहिली. त्या पाड्यावर कुणा बाईवर ती वेळ माझ्यामुळे आली तर मी दुकानाची फळी पुन्हा उघडणार नाही, हे नक्की.

आणि बाबा, रागावू नका, पण ती एक ओळ लिहायला किती शाई लागली असती हो? नाही, रागवा. रागावलात तर बरं वाटेल. देवासमोर दिवा लावून बसले आहे.

तुमची,
रेश्मा

॥ श्री ॥

शेणवा,
सोमवार, ६ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. सौ. रेश्मास,
अनेक आशीर्वाद.

मशीन सापडली. धाऊ ठणठणीत आहेत. मशीन माझ्या पडवीत आहे. आता खाली बस, पाणी पी, आणि मग पुढचं वाच.

कोंडू काल पोहोचेपर्यंत अंधार पडला होता आणि आज त्याच्या जीपला दुसरं भाडं होतं, म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघं डोळखांबला उतरलो. पुढे पाड्यापर्यंत चढण. आई माझ्या पुढे चालत होती आणि मला हळू चालतो म्हणून बोल लावत होती, असं तिच्या पाठीवरून दिसत होतं. अर्ध्या वाटेत ती एकदम थबकली आणि माझा दंड घट्ट धरला. तिचा चेहरा पाहून मला कळलं. वरच्या रानात मशीन चालू होती.

रेश्मा, एके काळी चालत्या मशिनीचा आवाज ऐकून मी कुठला भाग ढिला आहे ते सांगायचो. आणि तिथे उभा राहून मला पाखराचाही आवाज आला नाही. इतका निरुपयोगी मी मला स्वतःला कधी वाटलो नव्हतो. मी पळायला लागलो. या वयात, चढावर! तुझ्या आईने मागून सदरा ओढून थांबवलं. ती डोळे मिटून ऐकत उभी राहिली आणि मग माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाली की, ही आपली नाय. आपली अशी खोकत नाय. तीस वर्षं जिने माझ्या मशिनींच्या आवाजाला शिव्या घातल्या, तिला त्यांचा गळा ओळखू येतो हे मला त्या चढावर कळलं. वर गेलो तेव्हा खरंच, रस्त्याच्या कामावरच्या ठेकेदाराची माणसं पडलेली फांदी कापत होती.

धाऊ अंगणात खाटल्यावर बसले होते. त्यांच्या बांधावरचा ऐन जसाच्या तसा आडवा. आणि तुझी मशीन आत, देवाच्या फळीखाली पाटावर, झेंडूची माळ घातलेली. फुलं वाळून काळी पडली होती. आईने सगळं समजावून सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले की, आमच्या घरचा नेम हाय, वाघबारशीला वाघदेवाला निवद दावल्याबिगर नवं हत्यार रानात नेत नाय. त्यांचा जावई रोज निरोप धाडत होता, कापणी तोंडावर आली, आतातरी चालू करा. पण हे गृहस्थ हलले नाहीत. दोन घरांचे दोन नेम, पोरी. माझ्या आजोबांच्या नेमाने घोटाळा केला आणि त्यांच्या आजोबांच्या नेमाने तो निस्तरला.

मी तिथेच त्यांच्या पाया पडलो. ते ओशाळले, कारण वयाने माझ्याहून धाकटे आहेत. आईने त्यांच्या बायकोला मिठी मारली आणि दोघी उगाचच रडल्या. मग नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन मशीन खांद्यावर घेऊन उतरलो. उजव्या खांद्यावर. वाघबारशीला, म्हणजे आपल्या वसुबारसेला, दुरुस्त करून आणून देतो, असा शब्द दिला आहे.

रागवा असं तू लिहिलंस. रागावायचं कुणावर, ते आम्हा दोघांचं अजून ठरत नाही. अक्षदाचा ताप कसा आहे ते कळव. तिच्या गालावर माझ्याकडून हात फिरव.

तुझे,
बाबा

॥ श्री ॥

मुरबाड,
मंगळवार, ७ ऑक्टोबर

ती. बाबांस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राची पहिली ओळ वाचली आणि गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडले. तो बिचारा फक्त प्लग घ्यायला आला होता, भाव न करताच निघून गेला. कोंडूला जबरदस्तीने दोन कप चहा पाजला. अक्षदाचा ताप उतरला, तिने आज उठल्या उठल्या भजी मागितली. मी काल रात्री काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे तिच्यापेक्षा जास्त मीच खाल्ली.

ब्रेकची स्प्रिंग प्रशांतने कंपनीतल्या एका मित्राकडून मागवली आहे. तो मित्र भिवंडीला राहतो, परवा हातात येईल. आली की त्याच दिवशी कोंडूबरोबर देते. लाल चिंधीही पाठवते आहे. कुंकू लागलंय, गणपती बसलाय तिच्यावर, तेव्हा आता ती कुठे बांधायची ते आईने ठरवावं. दुकानात मी पाटी लावली आहे की लाल चिंधीची मशीन विकायची नाही. प्रशांत म्हणाला, गिऱ्हाइकाने वाचलं तर काय वाटेल? मी म्हटलं, बरंच वाटेल.

बाबा, तुम्ही स्वतःला निरुपयोगी म्हणालात ते मला अजिबात आवडलेलं नाही. चढावर पळाला कोण? पण वाघबारशीला जाल तेव्हा कानाचं यंत्र लावून जा. माझ्यासाठी लावा. आई, तुला काय लिहू? पुढच्या खेपेला मशिनींना शिव्या घालताना तुझा आवाज मला खोटा वाटेल, इतकंच.

दोघांनी मला जवळच धरून ठेवा.

तुमची,
रेश्मा

॥ श्री ॥

शेणवा,
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रेश्मास,
अनेक आशीर्वाद. चि. अक्षदास गोड पापा.

टॉवर कालपासून सुरू झाला आहे आणि आईने तुला फोनवर निम्मं सांगितलं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी माझं पत्र माझं. फोनवर तुम्ही दोघी बोलता आणि मी तोंडं बघत बसतो.

चिंधी पोहोचली. देव बसलेल्या फडक्याने बिघडलेली मशीन बांधायची नाही, असा आईने हुकूम काढला आणि ती देव्हाऱ्यात ठेवली. आता माझ्या जुन्या लाल बनियनच्या चिंध्या केल्या आहेत. तो बनियन अजून चांगला होता, पण इथे माझं ऐकतो कोण.

स्प्रिंग नीट बसली. काल सकाळी मशीन घेऊन पाड्यावर गेलो. वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावला होता, गुराखी पोरांनी खीर रांधली होती. निवद झाला, मशिनीलाही टिळा लागला. मग सगळे बांधावर, त्या आडव्या ऐनापाशी जमले. कानाचं यंत्र मी लावून गेलो होतो, तुझा शब्द मोडला नाही. पण मशीन सुरू झाली की ते नुसतं शिट्ट्या मारतं, म्हणून काढून आईकडे दिलं. तिने ते कनवटीला खोचलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

धाऊंनी दोरी ओढली. धूर आला, मूठ थरथरायला लागली. मी त्यांना खुणेने सांगितलं, लाकडाला लावण्याआधी पुढची दांडी ढकला. त्यांनी ढकलली. खरं तर मी चेनकडे बघायला हवं होतं. पण माझे डोळे तुझ्या आईकडेच गेले. तिने कानांवरचे हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघून हसली.

थांबली होती, पोरी. चेन थांबली होती.

दिवाळीला या. भाऊबीजेनंतर एक दिवस जास्त राहा, प्रशांतला रजा नसेल तर तुम्ही दोघी तरी या. आणि टॉवर सुरू झाला म्हणून पत्रं बंद करू नकोस. एवढं म्हाताऱ्यासाठी कर.

तुझे,
बाबा