पत्तीवाले जोडे

बाबा, काल सिविक सेंटरला माझा सत्कार झाला. तुम्ही गेल्यावर भिलाईला पहिल्यांदाच आले, तेही शाल-श्रीफळ घ्यायला. परदेशात बॅले नाचले, गुडघे गेल्यावर दुसऱ्यांचे नाच बसवले, आता एका अख्ख्या बॅले कंपनीची कलादिग्दर्शक आहे, हे सगळं निवेदकाने घडाघडा वाचून दाखवलं. मी मात्र समोर तुमच्या पोलाद कारखान्याच्या मिलमधलं कोणी दिसतंय का, ते बघत होते.

दिसले. तुमच्याच दुरुस्तीच्या शॉपमधले, आपल्या शेजारच्या क्वार्टरमधले काका. काठी टेकत जवळ आले आणि म्हणाले, "बेटा, थे पत्तीवाले जोडे आणले काय? तुह्या बाबानं सांगून सांगून आमचं डोकं खाल्लं होतं." मी हसून म्हटलं, "जपून ठेवलेत, काका." फोटो तरी दाखव म्हणाले, तर परवा दुपारी हॉटेलवर या म्हटलं.

त्या जोड्यांच्या वेळी मी बारा वर्षांची. एका रशियन इंजिनियरची बायको क्लबात टाउनशिपच्या पोरींना बॅले शिकवते, आणि कार्यक्रमासाठी तिने मला तिच्या देशातून आलेले नवे गुलाबी जोडे दिले आहेत. असे जोडे नाचण्याआधी मोडावे लागतात. तळवा वाकवायचा, टोक दाराच्या फटीत दाबून मऊ करायचं, मग कुठे पाय वळतो. स्वयंपाकघराच्या दारात मी तेच करते आहे आणि तुम्ही सकाळची ए शिफ्ट करून घरात येता. "नवे जोडे कावून मोडून राहिली? फुकटात भेटले म्हनून?" समजावून सांगायचं सोडून मी तोंड फुगवून बसले. तेव्हाच चार शब्द बोलले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जोडे गायब. मी आंघोळ करून आले तर फरशीवर उमटलेल्या माझ्या ओल्या पावलाभोवती तुम्ही खडूने रेघ मारलीत आणि वर कागद ठेवून माप उतरवून घेतलंत. कार्यक्रमाच्या दुपारी तुम्ही डब्याच्या पिशवीतून जोडे काढलेत. तळव्यात माझ्या मापाने कापलेली स्टीलची पत्ती, कडा घासून गुळगुळीत केलेली. टोकात गळक्या पाइपांना लावतात तो मसाला, दगडासारखा वाळलेला. "आता नाही मोडत. जिंदगीभर घाल."

मला तुमची लाज वाटली, बाबा. बाहेर मैत्रिणी उभ्या होत्या. मी "बरं" म्हटलं, क्लबामागच्या कचराकुंडीत ते जोडे टाकले आणि जुन्या फाटक्या जोड्यांत नाचले. परत येताना सायकलच्या दांडीवर बसले होते, तेव्हा तुम्ही मागून विचारलंत, "पत्ती टोचली नाही ना बोटाले?"

"नाही बाबा. मस्त होती."

मग मी कुठल्याही देशातून फोन करो, शेवटी तुमचा तोच प्रश्न. "जोडे हायेत ना?" आणि माझं "हाव बाबा." तुम्ही दवाखान्यातून केलेल्या शेवटच्या फोनवरही तेच. म्हाताऱ्याला खूश राहू द्यावं, कशाला दुखवायचं, असं मी स्वतःला सांगायचे.

काल काका जाता जाता म्हणाले, "तुह्या बाबाचा कान म्हंजे कान होता. चालू मशीनचा आवाज आयकून सांगे, कोनतं बेअरिंग जाऊन राहिलं थे."

क्लबाचं स्टेज लाकडी होतं. त्या जोड्यांनी खाडखाड आवाज झाला असता. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होता, आणि मी अजिबात आवाज न करता नाचले. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. म्हणजे सायकलवर विचारलंत तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. तरी इतकी वर्षं विचारत राहिलात, की कधीतरी ही पोरगी खरं बोलेल.

जोडे माझ्याकडे नाहीत, बाबा. हे लिहिता आलं, बोलता आलं नाही. हा कागद बॅगेत तळाशी सारणार आहे. उद्या दुपारी काका हॉटेलवर त्या जोड्यांचा फोटो बघायला येणार आहेत, आणि मी सकाळच्याच गाडीचं तिकीट काढलं आहे.