मामीचं शोकेस नागपुरात

तीर्थस्वरूप बापूमामांना सायलीचा नमस्कार, तोही वाकून (का वाकून, ते शेवटी कळेल).

तुमची तब्येत बरी असेल, वावरातल्या वांग्यांची त्याहून बरी असेल. जेवण वेळेवर होतं ना? हे रीतीपुरतं विचारत नाहीये. तुम्ही फोन उचलता आणि "हां" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहायला बसले. मामी इथे नागपुरात आमच्या होस्टेलच्या पाहुण्यांच्या खोलीत सुखरूप आहे. ती तुमच्यावर रुसून आलेली नाही. मंगरूळपीरच्या भाजीबाजारात कोणी तसं म्हणत असेल, तर त्याला हे पत्र वाचून दाखवा (शेवट सोडून).

झालं असं, की आमच्या डिझाइन कॉलेजात सरांनी सांगितलं, संग्रहालय बघा आणि त्यातून सुचेल ते मांडून दाखवा. मी अजबबंगल्यात गेले. नाणी, तलवारी, पेंढा भरलेली जनावरं, सगळ्यांसमोर वही उघडून उभी राहिले. सुचलं काहीच नाही, भूक मात्र लागली. एका काचेला नाक लावलं तर मागून पहारेकरी म्हणाला, हात लावायचा नाही. मामा, तो सूर मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तेव्हा डोक्यात उजेड पडला नाही. तो पाडला सुकेशनीनं. सुकेशनी म्हणजे माझी रूममेट, कारंज्याची. तिथल्या बसस्टँडवर बाया आपापल्या सामानावरच बसतात, ते बघून तिनं बसता येईल अशी पिशवीच शिवली. सगळा वर्ग त्या पिशवीवर बसून आला, सरसुद्धा (सरांचं वजन तुम्ही पाहिलेलं नाही). मी जळले. जळता जळता मनात आलं, हिला बसस्टँड दिसलं, मग मला मामीच्या बैठकीतलं शोकेस का दिसू नये?

म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले. (तुम्ही म्हणालात, पोरीला मामाची आठवण आली. आली होती, पण शोकेसनंतर.) त्यात काय नाही? शिंपल्यांचा मोर, पोहरादेवीहून आणलेली आणि अजून प्लास्टिकमध्येच असलेली बाहुली, तुमचं लग्नातलं घड्याळ, जे "वावरात खराब होईन" म्हणून मामीनं तुमच्या हातातून काढून आत ठेवलं, आणि गुलाबी फुलांच्या कपबशा. लग्नापासून त्या कपात कोणी चहा प्यायलेला नाही, कारण तेवढ्या तोलाचा पाहुणा अजून आलेला नाही. तुम्ही एकदा त्यातला कप मागितला होता, तेव्हा मामीनं स्टीलचा गिलास हातात दिला. शोकेस मला दे म्हटलं, तर म्हणाली, "ने बाई. पण जथी माहे कप, तथी मी." आणि खरंच, शोकेस टपावर चढवून, मेथीच्या जुड्यांत कप खोचलेलं क्रेट मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मेथी आमच्या मेसनं खाल्ली.

आता कॉलेजच्या प्रदर्शनात मामी सुकेशनीच्या पिशवीवर बसून शोकेस राखते. सरांनी एक कप उचलला, तर म्हणाली, "ओ सर, ठेवा तो खाली. पाव्हण्यायसाठी हाय." सर म्हणाले, मी पाहुणाच की. "तुमी कायचे पाव्हणे? तुमी तं रोजच येऊन राह्यले." सरांनी कप ठेवला आणि इतके खूश झाले, की मामीशिवाय या मांडणीला अर्थच नाही म्हणाले. पोरं तिची चित्रं काढतात. मामीही खूश आहे, मामा. एवढं थांबून तिचं शोकेस आजवर कोणी बघितलं नव्हतं. मीही नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तुमचीच,
सायली

ता. क. परीक्षक सोमवारी येणार आहेत आणि तुम्ही मामीला रविवारीच परत बोलावलंय. ती नसेल तर माझ्याकडे उरेल नुसतं कपाट, आणि कपाटाला कोण पास करणार? एक दिवस वाढवून द्या. वाकून नमस्कार त्यासाठी होता.

आणखी एक ता. क. सेटमध्ये एक कप कमी आहे, हे सरांच्या काल लक्षात आलं. मामीनं मला बाजूला घेतलं. "तो मी आनलाच नाई. घरी पिठाच्या डब्यामांगं ठेवला हाय. तुह्या मामाले सांग, त्याच्यात च्या घ्या म्हना." (म्हणजे इतक्या दिवसांत तुम्ही पिठाच्या डब्याला हात लावलेला नाही. जेवणाचं मी उगाच विचारलं नव्हतं.) सरांना मात्र तिनं एवढंच सांगितलं, की तो कप पाव्हण्याजवळ हाय.