समोरच्या दाराची बेल

आई, या वयात घरमालक मला विचारतात, "तुमच्याबरोबर कोण असतं?" म्हणून तुला लिहायला बसले. अंबरनाथची आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत, तोवर भाड्याने राहायचं. मुलगा म्हणतो, पुण्याला ये. त्याच्याकडे मी चार दिवस बरी असते, पाचव्या दिवशी मला माझा चहा माझ्या वेळेला लागतो. म्हणून बदलापुरात घर शोधत होते. तीन मालकांनी नाही म्हटलं. दलाल गुळमुळीत बोलायचा, "मावशी, ओनरला फॅमिली पाहिजे." मी म्हटलं, "मग मी कोण आहे?" तो मोबाइलमध्ये बघत राहिला. कारण मला ठाऊक होतं. एकटी म्हातारी घरात मेली तर कोण निस्तरणार?

उल्हासनगरला कॅम्प तीनमधली खोली बघायला गेलो तो दिवस आठवतो. मी कॉलेजात, म्हणजे मला सगळं कळत होतं. खोलीचं कुलूप उघडायच्या आधी तू शेजारचं दार वाजवतेस आणि पाणी मागतेस. मी लाजेने रस्त्याकडे तोंड करून उभी. सिंधी बाई पाण्याबरोबर भाजलेला पापड आणतात, "बैठो ना, धूप में आई हो," आणि तू खोली तिथेच ठरवतेस. "आई, भिंतीला ओल आहे!" मी म्हणते. "ओलीला चुना लावता येतो," म्हणत तू अर्धा पापड मोडून माझ्या हातात देतेस. खाली शिलाईच्या मशिनी दिवसभर घरघरायच्या, तरी माझं लग्न होईपर्यंत आपण तिथेच राहिलो.

परवा चौथं घर पाहिलं. स्टेशनवरून शेअर रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, जरा आत सरका," मी सरकले नाही. नाक्यावर उतरून बाजार, दवाखाना बघत चालत गेले. दलाल जिन्यात मालकाशी फोनवर बोलत होता, त्याचा आवाज पडत चालला होता. मी समोरच्या दाराची बेल वाजवली. तहान खरंच लागली होती. बाई पन्नाशीच्या, हाताला कणीक. पाणी दिलं, माझं ऐकून घेतलं आणि दलालाच्या हातातून फोनच घेतला. "अहो, काही व्हायला वय लागतं का? तुमचा मागचा भाडेकरू पंचविशीचा, गॅस चालू ठेवून गावाला गेला होता. वास मला आला, तुम्हाला नाही. द्या यांना घर. मी आहे ना समोर." मग मालक हो म्हणाला. मी जिन्यावरच बसले. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आज ताबा मिळाला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा खरं ते लिहिते. मालकाने दिलं ते असं: दाराच्या दोन किल्ल्या, गॅलरीची एक, आणि गीझर हळू तापतो ही सूचना. मुलाला वाटतं, दाराची दुसरी किल्ली त्याच्यासाठी ठेवलीय. ती मी समोरच्या बाईंना दिली. कुंड्यांना पाणी घालायला लागेल, असं म्हटलं. माझ्याकडे एकही कुंडी नाही.