गस अजून टाळ्या वाजवतो

१४ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. गस हॅल्वरसन कधी लिहीत नसे, पण त्याचं सगळं डोक्यात असे. ऑगस्टमध्ये गेला. अंगणातलं गवत कापता कापता, यंत्र चालू ठेवून. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा कोच आता मी. नेमणुकीच्या पत्रात ‘हंगामी’ असा शब्द आहे. तो असतोच, लिहायची पद्धत असते तशी.

एक नक्की. गसची प्रेस सोडायची नाही. बाकीचे संघ काय करतात, बास्केट झाली की पळत मागे जातात आणि आपल्या अर्ध्यात उभे राहून समोरच्यांची वाट बघतात. गस म्हणायचा, वाट बसची बघावी. त्याच्या मुली जिथे बास्केट केली तिथेच थांबायच्या. चेंडू आत टाकणारीच्या नाकासमोर एक, पास घेणारीच्या अंगावर दोन. अख्खं मैदान दाबून धरायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हीच प्रेस. समोरच्या मुलींना श्वास घ्यायला जागा नाही, मग त्या चुकणारच. मी इतकी वर्षं गसच्या शेजारी बसून हे पाहिलंय. चेंडूंची पिशवी माझ्याकडे असायची हे खरं, पण डोळे तर उघडे होते.

१५ ऑक्टोबर
रेनाटा कोलार माझी सहायक. ती स्वतः गसच्या हाताखाली खेळलेली. म्हणाली, लाइल, तेव्हा बाकावर आमची रांग लागलेली असायची, एक दमली की दुसरी आत. आता मुली आहेत दहा, त्यातल्या दोघींना पळणं म्हणजे शिक्षा. मी सांगितलं, हिंमत डोकी मोजून ठरत नाही. तिने मुलींची यादी घडी घालून खिशात ठेवली. पटलं असावं.

१९ ऑक्टोबर
हे लिहू की नको. लिहितो, वाचतंय कोण.

सकाळचा सराव. जिम थंडगार, नेब्रास्काचा वारा दाराखालून आत येतोय. मुली धापा टाकत होत्या. कप्तान डेसी ब्रूनिंग गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. पाच मिनिटं बसवावं म्हणून मी शिट्टी तोंडाशी नेली आणि मागून, अगदी वरच्या बाकाकडून, दोन टाळ्या.

गसची प्रेसची खूण. दोन टाळ्या म्हणजे जा, तुटून पडा. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट तरुणपणी मक्याच्या यंत्रात गेलेलं, त्यामुळे त्याची टाळी जरा बोथट वाजे. ही तशीच. वळून पाहिलं. बाक रिकामे.

रेनाटाला विचारलं. म्हणाली, थंडीत लाकूड आवाज करतं. लाकडाला बोट कमी आहे का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. मुलींना पुन्हा पळवलं.

११ नोव्हेंबर
पहिला सामना. सुरुवात काय झाली! पाहुण्या मुलींना चेंडू आत टाकता येईना. एक तर रडायच्या बेतात. लोक उभे राहिले. मला टाळ्या ऐकू आल्या, म्हणजे लोकांच्याही आल्या, पण मी त्या दोन म्हणतोय.

हरलो. शेवटच्या भागात आमच्या मुली जरा रेंगाळल्या. रेफरी कमकुवत होता. शिवाय आमचे दिवे फार प्रखर आहेत.

२३ नोव्हेंबर
आणखी तीन सामने गेले. प्रत्येकात सुरुवात आपलीच असते, हे कुणी बघत नाही.

कॉलेजच्या मेसमध्ये आज चिलीचा रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल होते. मुलींच्या टेबलावर गेलो. पूर्वी रोलवरून भांडणं व्हायची. आज सगळे रोल ताटात तसेच. कोरा नावाची नवीन मुलगी टेबलावर डोकं टेकून बसलेली. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. शिस्त येऊ लागलीय.

४ डिसेंबर
गसची घडीची खुर्ची सामन्याला माझ्या शेजारी ठेवायला सुरुवात केली. तिच्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत असं सांगितलं. आजच्या रेफरीने विचारलं, ही कुणाची? म्हटलं, कोचची. त्याने विचारलं, मग तुम्ही कोण? मी म्हटलं, मीपण. 

आता टाळ्या फक्त जिममध्ये येत नाहीत. ऑफिसात येतात. परवा दुकानात, दुधाच्या कपाटापाशी आल्या. मी थबकलो आणि मग, कशासाठी ते माहीत नाही, भरभर चालू लागलो. सरावाला मुलींना विचारलं, गसच्या टाळ्या तुम्हालाही ऐकू येतात का; त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

१९ डिसेंबर
कपडे बदलायच्या खोलीबाहेरून जात होतो. आतून कोराचा आवाज: “सांभाळून गं. म्हाताऱ्याने ऐकलं तर भुताला सांगेल.” सगळ्या हसल्या. डेसी तेवढी म्हणाली, जाऊ दे, त्यांचा मित्र गेलाय.

म्हाताऱ्याने! मला पन्नास झालेली नाहीत.

मित्र. हा शब्द गस असताना कुणी वापरला नव्हता. मीही नाही.

९ जानेवारी
नाताळच्या सुट्टीवरून मुली ताज्यातवान्या आल्या. डेसी उजवा पाय जरा जपून टाकते. विचारलं. “बरी आहे, कोच.” बरी आहे म्हणाली म्हणजे बरीच असणार. कप्तान खोटं बोलत नाही.

१४ जानेवारी
लिहायचं नव्हतं. लिहितो.

आजचा सामना अटीतटीचा होता, पहिल्यांदाच शेवटपर्यंत अटीतटीचा. डेसी लंगडत होती. रेनाटा माझी बाही ओढून म्हणाली, तिला बाहेर घ्या, आत्ता घ्या. खेळ थांबवायला मी हात वर केला. खरंच केला होता. रेफरीने पाहिलं नसेल, पण केला होता.

मग मागून त्या दोन. इतक्या जवळून, की मानेला वारा लागला.

हात खाली आला. डेसी पळाली. तिच्या आसपास कुणीही नसताना ती पडली, आणि पडल्यावर ओरडलीसुद्धा नाही. नुसती पायाकडे बघत राहिली.

पायाचं हाड तडकलंय. डॉक्टर म्हणाले, हे आज झालेलं नाही, आठवडेच्या आठवडे त्यावर पळून झालंय. मी दवाखान्यात तिच्याजवळ बसलो. म्हटलं, गसला तुझा अभिमान वाटला असता.

ती छताकडे बघत म्हणाली, “कोच, त्या टाळ्या मलापण ऐकू यायला हव्या होत्या. निदान कोणासाठी पळतेय ते तरी कळलं असतं.”

१५ जानेवारी
बूट. हल्लीचे बूट तळाशी फार मऊ असतात. कंपनीला कळवायला हवं.

हात कुणी खाली घेतला? मी. पण सांगितलं कुणी? आणि तो सांगत असेल, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलतोय. त्याला नाही कसं म्हणायचं?

६ फेब्रुवारी
आज जिंकलो. असं लिहिताना आनंद व्हायला हवा.

पहिली बास्केट झाली, मी ओरडलो, “प्रेस!” पाचही मुली वळल्या आणि मागे पळाल्या. आपल्या अर्ध्यात जाऊन शांतपणे उभ्या राहिल्या. मी पुन्हा ओरडलो. कोरा माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे न बघता. मग लक्षात आलं, त्या रेनाटाकडे बघतायत. तिने हात वर करून उघडा पंजा दाखवलेला. हे त्यांनी माझ्या पाठीमागे कधी बसवलं देवाला ठाऊक.

मागे टाळ्या सुरू. दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन. कुणाच्या कानावर जात नव्हत्या. मी खुर्चीकडे बघून हळू म्हणालो, मी सांगतोय रे त्यांना, ऐकत नाहीत. शेजारी बसलेली डेसी कुबड्या जवळ ओढून दोन जागा पलीकडे सरकली.

लोकांनी हात मिळवले. अखेर ते खूळ सोडलंत, बरं केलंत, म्हणाले. खरं कारण वेगळं आहे. समोरच्या मुली प्रेस येईल या धास्तीतच खेळत होत्या. न केलेली प्रेस जास्त घातक असते. हा शोध माझा.

परतताना गाडीत सगळ्या गात होत्या. मी पुढे बसून आरशात मागची सीट बघत होतो. तो रागावला असेल तर मला कसं कळणार? जिवंतपणीही कळत नसे.

२० फेब्रुवारी
कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी बोलावलं. पुढच्या वर्षी रेनाटा कोच. माझा अनुभव मोलाचा आहे, सहायक म्हणून राहावं अशी इच्छा आहे. विचार करायला वेळ मागितला. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन हो म्हणालो. बाजूला राहून पूर्ण मैदान दिसतं. गसलाही ते जमत नसे.

३ मार्च, दुपार
मोसम संपला. गसची बायको आर्डिस त्याचं सामान न्यायला आली. कोट, फोटो, कॉफीचा मग. मी खोकी भरून ठेवली होती. ती खोक्यांकडे न बघता म्हणाली, “मुली म्हणतात, तुला गस ऐकू येतो.”

मी म्हटलं, मुली काहीही बोलतात. मग म्हटलं, हो.

मला वाटलं, चिडेल. ती खुर्चीवर टेकली. म्हणाली, “माझ्याकडे एकदाही आला नाही रे. रात्रंदिवस त्याच घरात आहे मी. त्याची पावलंसुद्धा नाहीत. जिथे येतो तिथे मला बसव जरा.”

वरच्या बाकावर नेलं. जिना चढताना तिने माझा हात धरला. बसलो. उंच खिडक्यांतून ऊन मैदानावर पडलेलं. आर्डिसने हातमोजे काढले, टोपी काढली, पर्स बंद करून मांडीवर ठेवली. चर्चमध्ये बसते तशी बसली. बाहेर वारा होता. गरम पाण्याचा पाइप एकदा गुरगुरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, ते नव्हे.

खूप वेळ गेला. मी मनात म्हणालो, गस, आता ये. आता तरी ये.

“आलं का काही?” तिने विचारलं.

हो म्हणता आलं असतं. तिचं तोंड बघून तेच म्हणावंसं वाटलं.

“नाही,” मी म्हटलं.

तिने हातमोजे पुन्हा घातले. मग सांगू लागली. शेवटची दोन वर्षं गसला ती प्रेस नकोशी झाली होती. मुलींचे पाय त्याला बघवत नसत. पण स्वतः सोडायची लाज. लोक म्हणतील, म्हातारा थकला. “मला म्हणायचा, लाइलच्या हाती संघ गेला की तो पहिल्या दिवशी हे बंद करेल. तो माझ्यासारखा हट्टी नाही. मुलींना जरा श्वास मिळेल.”

मी विचारलं, हे त्याने मला का नाही सांगितलं?

“तू विचारलंस कधी?” आर्डिस म्हणाली. रागाने नाही.

खोकी तिच्या गाडीत ठेवली. ती गेली. मी आत येऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिलो. काहीच आवाज नव्हता. मग त्या टाळ्या कुणाच्या होत्या, हा विचार सुरू झाला तसा मी दिवे घालवून बाहेर आलो.

३ मार्च, थोड्या वेळाने
डेसीला फोन केला. सुट्टीला घरी, शेतावर गेलीय. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फोन तिच्या आईने उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे कुणीतरी कुजबुजलं, मग आई म्हणाली, डेसी झोपलीय.

बाहेर लख्ख ऊन होतं. म्हटलं, झोपू द्या. विश्रांती फार महत्त्वाची, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय.