हलक्या काठ्या

३ एप्रिल
लेकीचा फोन. नातीला तंबू हवाय — निमुळता, वर काठ्या एकत्र बांधलेला, आत बसून पुस्तकं वाचायला. "बाबा, हलका करा हं. आम्ही आलो की गाडीच्या टपावर बांधून नेऊ."
नेऊ! यायच्या आधीच जायचं ठरलंय.

४ एप्रिल
बांबूवाल्याकडे गेलो. एक डोळा मिटून एकेक काठी न्याहाळली. त्याने सरळ, बारीक, वाळलेल्या काढून दिल्या. मी मुद्दाम जाड, ओल्या, भरीव निवडल्या. लबाडीच आहे! जड तंबू टपावर चढणार नाही, इथेच राहील. मग तंबूसाठी तरी यावं लागेल त्यांना.

५ एप्रिल
हिने एक काठी उचलून पाहिली. तंबू करताय की गोठा, म्हणाली.

९ एप्रिल
नात फोनवर. तंबूसाठी तिने तिकडे खिडकीखालची जागा झाडून ठेवलीय, उशीसुद्धा नेऊन ठेवलीय. "आजोबा, मला उचलता येईल ना?" हो म्हणालो. जावई कसे आहेत म्हणून लेकीला विचारलं. कामात आहेत म्हणाली. फोनवरचं बोलणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. ठेवल्यावर एक जाड काठी उचलून पाहिली.

१० एप्रिल
जाड काठ्या परत करून बारीक आणल्या. बांबूवाला नुसता हसला.

१४ एप्रिल
गाठी कानशीने उतरवल्या. मग काचकागद — पोरीच्या हातात कुसळ जायला नको. काठ्या सावलीत आडव्या ठेवल्यात; भिंतीला टेकवल्या तर वाकतात. ही तेलाचा बोळा घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, बरं केलंत.
दोघींची फार आठवण येतेय आज. हात चालू असला की जरा बरं वाटतं.

२१ एप्रिल
आधी तीन काठ्या बांधल्या, बाकीच्या त्यांवर टेकवल्या. उभा राहिला! सोडून मोळी बांधली, तर एका हाताने उचलली गेली. इतकी हलकी झालीय. खूश व्हायला हवं होतं. पण किती सहज जाईल ही मोळी इथून!

२६ एप्रिल
आल्या दोघी. भाड्याच्या टेम्पोतून, जावयांशिवाय. सामान दारात मावेना. लेकीने मोळी हातात तोलून पाहिली.
"छान झालीय, बाबा. इथेच लावा. आम्ही आता इथेच राहणार."
इतकी वर्षं मनात हेच मागत होतो. असं नव्हतं मागितलं.