दिलेली खुर्ची

याश, १४ नोव्हेंबर १९७४

चि. स्मरांदास, थोरलीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्यांचा चाळिसावा दिवस काल पार पडला. गव्हाचा प्रसाद तुझ्या हातचा होतो तसा झाला नाही, पण पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतला, म्हणजे गिळण्याजोगा असावा. ओव्हरकोट, जोडे, दाढीचं सामान, सगळं ह्यांच्या नावानं देऊन टाकलं. इथं ज्याच्या हाती द्यावं ते तिथं गेलेल्याला पोचतं, हे तुला मी काय सांगायचं. पण मग मनात आलं, कोट पोचेल, जोडेही पोचतील, ह्यांना खरं लागायचं काय? माणूस दिवसभर खोकल्याची औषधं विकायचा तो संध्याकाळच्या गाण्यासाठी. म्हणून मी आमचं नाट्यगृहाचं वर्षाचं कार्डही पाव नि मेणबत्तीसकट देऊन टाकलं. ऑक्ताव्हच्या आत्म्यासाठी, असं म्हणून तळमजल्यावरच्या पांतेलिमोनच्या हातावर ठेवलं.

पांतेलिमोननं जन्मभर ट्राम हाकली. नाट्यगृहाच्या दारावरून रोज जायचा, आत कधी डोकावला नाही. कार्ड दोन खुर्च्यांचं आहे ना, तर म्हणाला की बाई, दुसरीवर काय माझी टोपी ठेवू, तुम्हीच चला. गेलो. पडदा वर गेला आणि ह्याची मान खाली. सुटताना मला विचारतो की शेवटी कोण मेलं. ह्यांना पोचलं असेल तर घोरणंच पोचलं म्हणायचं.

माझी काळजी करू नकोस. माया आहेच, उत्तराला उशीर करून ती आटवू नकोस.

तुझी ताई, व्हेतुरिया

डोरोहोई, २५ नोव्हेंबर

ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाव्रिलला वाचून दाखवलं. दोन महिने झाले नाहीत तोच मेहुणी ट्रामवाल्याबरोबर ऑपेराला निघाली, म्हणून हसून हसून त्याला ठसका लागला. नवऱ्यांना काय, कशावरही हसतात.

मला मात्र एक गोष्ट खटकली. कार्ड एकच, खुर्च्या दोन, आणि देताना तू नाव घेतलंस एकट्या भाऊजींचं. म्हणजे तुझी खुर्चीही त्यांच्या नावानं गेली. आई दिलेल्या ताटाला आपल्याला बोटसुद्धा लावू द्यायची नाही, आठवतं ना? तुला देवधर्मापेक्षा नाटक जवळचं, ठाऊक आहे मला. पण माझ्यासाठी एवढं कर. स्वतःचं तिकीट काढ आणि दुसरीकडे कुठंही बस.

गाव्रिलचा नमस्कार. रागावली नसलीस तर लिही, रागावली असलीस तर आधी लिही.

तुझी स्मरांदा

याश, १८ जानेवारी १९७५

चि. स्मरांदास अनेक आशीर्वाद.

तिकीट काढलं नाही. का, ते वाच आणि गाव्रिलला वाचून दाखवू नकोस.

डिसेंबरच्या ऑपेरात तिसऱ्या अंकाला पांतेलिमोन गुणगुणायला लागला. डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. सूर थोडा खाली, ह्यांचा असायचा अगदी तसा. मग माझ्या बाजूला कलून हळूच म्हणाला की नायकाच्या घशात बटाटा अडकलाय. स्मरांदा, बत्तीस वर्षं मी हे ऐकत आले. आवाज ट्रामवाल्याचा, बोलणं ह्यांचं. दिवे लागल्यावर त्याला काही म्हणजे काही आठवेना. झोप छान लागली, म्हणाला.

आता प्रत्येक प्रयोगाला असंच होतं. गेल्या मंगळवारी नाट्यगृहातच ताऱ्यांवरचं व्याख्यान होतं, तिथंही वक्त्याची टर उडवून झाली. मी आता आठवडाभर त्या एका संध्याकाळसाठीच जगते, खरं सांगते.

बाकी लोकांची रीतभात मात्र पार बुडाली. दारावरचा माणूस सगळ्यांना अडवतो, मला विचारतसुद्धा नाही. परवा एका बाईनं आपला फरचा कोट सरळ माझ्या मांडीवर टाकला. मी बोलले तर वळूनही बघितलं नाही. मध्यंतरात सरबतवाली माझ्या डोक्यावरून पेला पुढं देते. गुडघ्यापर्यंत गारठा चढतो तिथं, घरी आल्यावरही लवकर उतरत नाही. पण त्याचं काय एवढं.

लोभाची आठवण मी तुला करून द्यायची वेळ आणू नकोस.

तुझी ताई

डोरोहोई, ३ मार्च

ती. ताईस सा. न.

शनिवारी मी याशला येऊन गेले. तुला न कळवता. वरच्या गॅलरीतून दुर्बिणीनं बघत होते. पांतेलिमोन झोपलेला होता, ओठ हलत होते, आणि शेजारची खुर्ची रिकामी. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, ताईनं ऐकलं माझं.

मग प्रयोग सुटला, मी खाली दाराशी आले आणि तू माझ्या कोपराला घासून बाहेर गेलीस. मी ताई ताई म्हणून ओरडले. माणसं माझ्याकडे बघायला लागली. तू वळली नाहीस. मी पायरीवरच बसले. परतीची गाडी कशी गाठली मला ठाऊक नाही.

ताई, दिलेलं दिलं. ती खुर्ची आता इकडची नाही आणि तिच्यावर बसणारा हळूहळू तिकडचा होतो. भाऊजी गेले, मी रडले. तुला घालवायची माझी तयारी नाही. तुझ्या पाया पडते, जाऊ नकोस तिथं.

स्मरांदा

याश, १९ मे

चि. स्मरांदास,

शनिवारी हंगामातला शेवटचा प्रयोग. गेल्या खेपेला ह्यांनी विचारलं की व्हेतुरिया येतेय ना. मी हो म्हटलं. बेकरीत हल्ली तीनदा हाक मारावी लागते तेव्हा पाव मिळतो. म्हणजे फारसं काही उरलेलं नाहीच, एका संध्याकाळचा प्रश्न. किल्ली तळमजल्यावर आहे. जांभळी शाल तू घे, तुला शोभते. मला सुखानं जाऊ दे.

ताई

डोरोहोई, २९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू माझ्याशी बोलत नाहीस, दारही उघडलं नाहीस, म्हणून लिहिते. फाडण्याआधी वाच.

हो, दारं उघडल्याबरोबर आत घुसून मीच बसले तुझ्या खुर्चीवर. तू भिंतीला टेकून उभी होतीस. मग एक जाडा गृहस्थ तुझ्यावर आदळला आणि माफ करा म्हणाला. दारवानानं तिकीट मागितलं आणि दंडाला धरून तुला बाहेर काढलं. तू रडत होतीस आणि मी इकडे देवाचे आभार मानत होते, की माझ्या बहिणीला कुणीतरी हाकलतंय.

गारठ्याचं खोटं नाही. तिसऱ्या अंकापर्यंत माझ्या कमरेपर्यंत चढला होता. मग पांतेलिमोन गुणगुणायला लागला, आणि मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे तोंड करून त्यानं विचारलं की व्हेतुरिया आली का. मी म्हटलं, भाऊजी, मी स्मरांदा. ते म्हणाले की कुणीतरी बोलतंय खरं, पण शेजारची खुर्ची रिकामी आहे. पहिल्या प्रयोगापासून रिकामीच आहे. ती आजारी आहे की रुसलीय, की आपल्याला विसरली, एवढंच कुणी सांगाल का, म्हणाले. बटाट्याचं बोलणं ते रिकाम्या खुर्चीशी बोलत होते, सवयीनं.

ताई, त्यांनी तुला एकदाही पाहिलं नाही. तू दर खेपेला शेजारी होतीस आणि ते दर खेपेला तुझी वाट बघत होते. त्या खुर्चीवर बसलेलं माणूस आम्हाला दिसत नाही, आणि त्यांनाही नाही. शनिवारी गेली असतीस तर आज कुणाचीच नसतीस.

मी त्यांना सांगितलं की ती विसरलेली नाही, धडधाकट आहे, आणि येईल तेव्हा आपल्या वाटेनं येईल. मग म्हणाले की असं असेल तर घाई नको करू म्हणावं, मी थांबतो.

तेवढ्यात पांतेलिमोन जागा झाला आणि शेवटपर्यंत जागाच राहिला. नायिका मेल्यावर त्यानं माझा रुमाल मागून घेतला.

आता हवी तितकी रागाव. पण जेव.

तुझी स्मरांदा