उजवा घोटा, डावा घोटा

१४ सप्टेंबर १९५३, सोमवार

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू. ड्रॉइंगच्या वर्गात मुलगी मी एकटीच. गेल्या वर्षी दोघी होतो. दुसरीने लग्न केलं.

या वर्षीचा निश्चय: कपड्यांवर विचार खर्च करायचा नाही. राखाडी स्कर्ट, पांढरा ब्लाउज, आखूड पांढरे मोजे. प्रश्न सुटला.

वसतिगृहात खोलीवर पुन्हा मार्लिस ट्वीटन. ती गृहविज्ञानाला. तिचा नवा स्कर्ट जमिनीवर पसरला की पूर्ण वर्तुळ होतं. त्या कापडात माझे तीन स्कर्ट निघतील, हे मी तिला गणित करून दाखवलं. ती म्हणाली, निघतील ना, आणि तिन्ही राखाडीच निघतील.

यंदा मुलींनी घोट्यावर कुत्र्याचा पट्टा बांधायची टूम काढली आहे. खराखुरा, कातडी, बकलवाला. उजव्या घोट्यावर असेल तर मुलगी मोकळी. डाव्यावर असेल तर तिचं कोणाशी तरी ठरलेलं. मार्लिस जेवताना पहिल्या वर्षाच्या मुलींना हे समजावून सांगत होती. मी माझी जेली खात होते. लक्ष नव्हतं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

ड्रॉइंगला शेजारच्या टेबलावर ऑरिन लिंडक्विस्ट नावाचा मुलगा आला आहे. घरी मक्याची शेती. त्याची रेघ जाड सुरू होते आणि बारीक संपते. खोडायची वेळ आली की कान लाल होतात. इथल्या सगळ्या मुलांसारखा तोही कमरेला स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकपट्टी, लटकवतो, फरक इतकाच की त्याला तो वापरता येतो. माझा सेट-स्क्वेअर मागून नेला. पुसून परत दिला.

चौदा नोव्हेंबरला इंजिनिअरांचा नाच आहे. फळ्यावर लिहिलं होतं म्हणून इथे लिहिलं. दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार

पट्टा घेतला. कारण यांत्रिक आहे. माझे मोजे घसरतात.

प्राण्यांच्या दुकानातल्या आजोबांनी विचारलं, कुत्रं केवढं आहे. मी म्हटलं, मध्यम.

उजवा म्हणजे कोणाचा उजवा, हा प्रश्न इथे एकीलाही पडलेला दिसत नाही. खूण ही बघणाऱ्यासाठी असते. कागदावर जे उजवीकडे दिसतं ते उजवं. चित्रातल्या वस्तूला तिचं मत कोणी विचारत नाही. म्हणजे पट्टा समोरच्या माणसाच्या उजव्या हाताला यायला हवा, अर्थात माझ्या डाव्या घोट्यावर. तसा बांधला. मार्लिसच्या उंच आरशात तो डावीकडे दिसला, पण आरशाच्या बाबतीत तेवढी दुरुस्ती धरावी लागते.

मार्लिसच्या पायावरून पडताळा घेता येत नाही. तिचा पट्टा आठवड्याला पाय बदलतो. तिला विचारण्याचा प्रश्नच नाही. महिनाभर ऐकवत राहील.

६ ऑक्टोबर, मंगळवार

परिणाम उत्तम. गेल्या वर्षी मुलं येताजाता काहीतरी बोलायची. आता दार उघडून धरतात आणि बाजूला होतात. कॉफीला कोणी विचारत नाही. हा आदर आहे.

ऑरिनने आज पट्टा पाहिला. पेन्सिल खाली पडली. ती उचलून म्हणाला, पट्टा छान आहे. मी म्हटलं, कातडी आहे.

निरोप पोचला. शेतावरची मुलं सावकाश बोलतात. घाई करण्याचं कारण नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑरिनशी पहिल्यांदा सविस्तर बोलणं झालं. टी-स्क्वेअरकडे बघत त्याने विचारलं, तो कॉलेजातलाच का? पट्टे कॉलेजच्या स्टोअरमध्येही मिळतात. मी म्हटलं, नाही, प्राण्यांच्या दुकानातला.

तो म्हणाला, असं होय. मग विचारलं, बरेच दिवस झाले? मी म्हटलं, तीनेक आठवडे. सुरुवातीला फार घट्ट वाटायचा, आता सवय झाली. तो म्हणाला, आणि टिकेल असं वाटतं? मी म्हटलं, हा नाही टिकला तर दुसरा घेईन, त्यात काय एवढं.

यावर त्याने पेन्सिलीला टोक काढलं. टोक होतं, तरी काढलं.

कातडी मालाबद्दल मुलगा इतकं बारकाईने विचारतो, हे चांगलं लक्षण आहे.

२५ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून आल्यावर शिवणयंत्रावर बसले. निळा टाफेटा, सळसळणारं रेशमी कापड. मार्लिसने विचारलं, हे कशाला? मी सांगितलं, वर्तुळाकार कापडाला कमरेशी किती ताण बसतो ते बघते आहे. ती म्हणाली, बघ बाई, ताण बघताना गळा मात्र थोडा खोल घे.

गळा थोडा खोल घेतला.

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुपारी मार्लिसने खोलीचं दार लावून घेतलं आणि पलंगावर मांडी घालून बसली. म्हणाली, अगं व्हर्ना, माझ्याच खोलीत राहतेस आणि मलाच पत्ता नाही? मी म्हटलं, कशाचा? ती म्हणाली, त्या प्राण्यांच्या दुकानातल्या माणसाचा. सगळ्या ड्रॉइंगच्या वर्गाला माहीत आहे. ऑरिन बिचारा तोंड पाडून फिरतोय. आणि काय गं, तू म्हणे त्याला सांगितलंस की हा टिकला नाही तर दुसरा घेईन? मी सुद्धा असं उघड बोलत नाही.

मी म्हटलं, मी पट्ट्याबद्दल बोलत होते. शिवाय ते दुकानदार आजोबा आहेत. त्यांना नातवंडं आहेत. मार्लिस म्हणाली, मग पट्टा डाव्या पायात का? मी म्हटलं, उजव्या पायात आहे.

ती वाकून माझ्या पायाकडे बघत राहिली.

मी ड्रॉइंगमधली दृश्यांची पद्धत समजावून सांगितली. कागदावर आकृती सुद्धा काढली. ती पूर्ण होईपर्यंत मार्लिस उशीत तोंड खुपसून हसत होती. मग डोळे पुसत म्हणाली, मला सांग, डॉक्टर उजवा हात दाखव म्हणतो तेव्हा तू त्याला कोणता देतेस?

निष्कर्ष: नियम ढिसाळपणे मांडलेला आहे. कोणत्या बाजूने बघायचं ते कुठेही नमूद नाही. चूक नियमाची. मार्लिसकडून कोणाला न सांगण्याचं वचन घेतलं. इंजिनिअरिंगच्या एकुलत्या एका मुलीला डावं-उजवं कळत नाही, हे वर्गात कळलं तर पुढची तीन वर्षं मला तेच ऐकावं लागेल.

४ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पट्ट्याने पाय बदलला. हेतू स्पष्ट होता. ऑरिनने बघावं, समजावं, विचारावं. नाचाला अजून वेळ आहे.

ऑरिनने बघितलं. वर्गानेही बघितलं. जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी सगळ्या वसतिगृहात पसरली: दुकानवाल्याने व्हर्नाला सोडलं.

मुली माझ्याजवळ येऊन आवाज खाली करतात. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने हातात रुमाल ठेवला आणि पळाली. आमच्या वॉर्डन मिसेस केटलसन यांनी खोलीत बोलावून भोपळ्याचा ‘पाय’, म्हणजे गोड सारणाची भट्टीतली जाड पोळी, समोर ठेवला. म्हणाल्या, खा पोरी. माणसं येतात, जातात. जनावरांवर माया करणारा माणूस वाईट नसतो, पण वयाचं काही बघायचं की नाही? मी म्हटलं, हो.

खुलासा करायचा तर डाव्या-उजव्याचं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा सोडलेली बरी. भोपळ्याचा पाय चांगला होता.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑरिन स्वतःहून टेबलापाशी आला. टोपी हातात. म्हणाला, ऐकलं मी. वाईट वाटलं. मी म्हटलं, मला नाही वाटलं. तो म्हणाला, धीराची आहेस.

मग खाली बघत म्हणाला, सप्टेंबरात तुला नाचाला विचारणारच होतो. घरी आईलासुद्धा पत्रात कळवलं होतं. मग तो पट्टा दिसला.

मी थांबले. पुढचं वाक्य काय असणार ते मला कळलं होतं. होकार तयार होता.

तो म्हणाला, आणि आता विचारणं बरोबर नाही. जखम ताजी आहे. असा फायदा घेणारा मी नाही. बर्फ वितळून जाऊ दे, तुझं मन जरा सावरू दे, मग वसंतात विचारीन.

मी म्हटलं, योग्य आहे.

का म्हटलं, ते माहीत नाही. तो इतकं नीट बोलत होता की मध्ये तोडणं असभ्य वाटलं.

११ नोव्हेंबर, बुधवार

मार्लिस दोन दिवस मागे लागली आहे. म्हणते, एक वाक्य गं, एकच. ऑरिन, मी पाय चुकले. म्हणून बघ माझ्यासमोर. म्हणून बघितलं. ती म्हणाली, असं नको, हे तू परीक्षेचा निकाल सांगितल्यासारखं सांगतेस, जरा हसून सांग. हसून म्हटलं. ती म्हणाली, बरं, न हसताच सांग.

निश्चय: उद्या सांगायचं. पूर्ण सत्य, आकृतीशिवाय.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

वर्ग सुटल्यावर त्याला थांबवलं आणि सांगितलं की दुकानवाला कधी नव्हताच. मी डावं-उजवं उलटं धरलं. पहिल्या दिवसापासून मोकळीच होते. नाचाला यायला तयार आहे. शेवटचं वाक्य तालमीत नव्हतं. आपोआप आलं.

ऑरिन माझ्याकडे बघत राहिला. कान लाल झाले. मला वाटलं, झालं.

मग अगदी हळू म्हणाला, व्हर्ना, त्या माणसासाठी स्वतःला एवढं कमी लेखू नकोस. मी म्हटलं, कमी लेखत नाही, खरंच चुकले. तो म्हणाला, तू? सगळ्या वर्गात एक रेघ जिची चुकत नाही ती डावा आणि उजवा पाय चुकली? हे मी कसं मानू? त्याचं नाव राखायला बघते आहेस. मोठं मन आहे तुझं. म्हणूनच मी थांबणार.

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझं मलाच पटेना.

जाता जाता त्याने आपलं ड्रॉइंग पुढे केलं. म्हणाला, सरांनी लाल फुली मारली आहे, काय चुकलं ते कळत नाही. मी एकदा पाहिलं आणि म्हटलं, डाव्या बाजूचं दृश्य तू उजवीकडे काढलंस. तो कागद गुंडाळत म्हणाला, बघ. आणि म्हणे तुला कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

ऑरिन मका काढायला घरी गेला. नाचाला न्यायला कोणी नसताना इथे थांबून काय करायचं, असं म्हणाला.

मार्लिसचा नाचाचा जोडीदार आपल्या चुलतभावाला घेऊन आला आहे. उंच आहे, गप्प आहे, मोकळा आहे. मार्लिस जिना चढून धावत आली. म्हणाली, निळा पोशाख चढव आणि चल, तो खाली उभा आहे.

नाही म्हटलं. दुकानवाल्याशी मोडल्याला अजून पंधरवडासुद्धा झालेला नाही. इतक्या लवकर बरं दिसणार नाही.